बारावा बार

"अकरा," हनमंता धोत्रे म्हणाला. त्याचा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर थांबला होता. चार बोटांची पेरं बारा. शेवटचं एक रिकामं राहिलं होतं.

समोरचं माळरान धुरानं भरलं होतं. बांबूच्या तीन झोपड्या जळत होत्या, मातीची ढेकळं अजून टपटप खाली पडत होती आणि पेट्रोलचा वास नाकातोंडात शिरत होता. त्या माळावर हनमंतानं सकाळपासून बारा ठिकाणी भोकात दारू ठासून वर पेट्रोलचा डबा ठेवला होता. बाराही वाती स्वतः पेटवून तो पळत आला होता आणि माझ्या शेजारी पालथा पडून, डोळे मिटून, एकेक बार पेरावर मोजत होता.

"एक मुका हाय, सायेब," तो उठून बसत म्हणाला. "बारा ठासले, अकरा उडाले. वात आत धुमसत आसंल, आता आर्धा तास त्या रानात कुनी पाऊल टाकायचं न्हाई. सांगा त्यास्नी."

त्यांना म्हणजे रेनातो फोर्नारीला. हा आमचा दिग्दर्शक. तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून एक डोळा मिटून सूर्याकडे बघत होता. पश्चिमेला एक सुळका होता आणि त्याची सावली माळावर पसरायला फार तर वीस-पंचवीस मिनिटं होती. माळाच्या दुसऱ्या टोकाला, बांधाआड, चाळीस माणसं काळे कपडे आणि गवती टोप्या घालून दबून बसली होती. त्यांना याच माळावरून, याच धुरातून, आमच्या दिशेनं धावत यायचं होतं.

"काय म्हणतो?" फोर्नारीनं मला इटालियनमध्ये विचारलं.

मी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडलं ते सांगण्याआधी या तोंडाविषयी थोडं सांगायला हवं.

मी वसईचा, लुकस तुस्कानो. धर्मगुरू व्हायला रोमला गेलो होतो आणि साडेतीन वर्षांनी न होताच परत आलो. येताना सोबत आणलेली कामाची वस्तू एकच, इटालियन भाषा, आणि तिला वसईच्या बाजारात केळीच्या सोपटाएवढीही किंमत नव्हती. शहाऐंशीच्या जानेवारीत मात्र गिऱ्हाईक चालून आलं. इटलीहून दहा जणांचं बिऱ्हाड जंगलातल्या लढाईचा सिनेमा काढायला कोकणात उतरलं होतं, आणि त्यांना दुभाषी हवा होता. माझं आडनाव ऐकून फोर्नारीनं मला मिठीच मारली. त्यांच्याकडच्या तोस्काना प्रांतातला कुणी हरवलेला भाऊच भेटल्यासारखा तो वागला.

सिनेमा कसला, तर एक अमेरिकन शिपाई व्हिएतनामच्या जंगलात एकटा अडकतो आणि दीड तासात सगळं जंगल उडवून बाहेर येतो. अमेरिकन शिपाई रोमच्या एका तालमीतला वस्ताद होता. व्हिएतनामचं जंगल म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचं कुंभवळी गाव आणि व्हिएतनामी म्हणजे कुंभवळीचे गावकरी. "आशिया तो आशिया," फोर्नारी म्हणायचा. सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून पाटीवर सगळ्यांची नावं इंग्रजी लागणार होती, फोर्नारीचंसुद्धा. रणगाडा हवा होता, तर जीपवर पत्रे ठोकले. हेलिकॉप्टर परवडत नव्हतं, म्हणून मळणीचा मोठा पंखा भाड्यानं आणून गवतावर वारा सोडला आणि सगळ्यांना वर बघायला सांगितलं. वर एक घार होती, ती घाबरून निघून गेली.

या सगळ्या कारभारात मी सहा आठवडे दोन्ही डगरींवर हात ठेवून राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. फोर्नारी गावकऱ्यांना म्हणे, "या गाढवांना धड मरतासुद्धा येत नाही." मी भोंग्यातून सांगे, "साहेब म्हणतात, मरताना जरा घाई होतेय." गावकरी फोर्नारीच्या आईचा उद्धार करत. मी त्याला सांगे, "जेवण कधी येणार, असं विचारताहेत." दोन्ही बाजू खूश. गावात तो 'फर्नांडीस' म्हणून लाडका झाला होता, आणि त्याला वाटे की इतकी गोड माणसं जगात दुसरीकडे नाहीत. जगातली निम्मी भांडणं चांगला दुभाषी नसल्यामुळे होतात, असं मी तेव्हा मनापासून मानत असे.

वेळेचा तर मी हिशेबच बसवला होता. सुतार "अर्धा तास" म्हणाला की दहा मिनिटं धरायची, आणि फोर्नारी "पाच मिनिटं" म्हणाला की गावकऱ्यांना तासभर सावलीत बसवायचं. कुणी काही आकडा सांगितला की मी तो घासाघीस करूनच पुढे द्यायचो. तसं करताना काही विचारसुद्धा येत नसे.

हनमंता गावचा नव्हता. जातीनं वडार, मूळ सोलापूरकडचा. जवळच कालव्याचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या दगडखाणीत तो वीस वर्षं सुरुंग लावत होता. इटलीहून आलेला स्फोटांचा माणूस तिसऱ्याच आठवड्यात काविळीनं पिवळा होऊन मायदेशी परतला, तेव्हा मीच हनमंताला शोधून आणलं. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. त्याची एकच अट होती. बार सुरू झाले की शेवटचा आकडा तो सांगेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. "आमच्यात पोरगं रडलं तरी तोंड दाबत्यात," तो म्हणाला होता. "मोजनी चुकली की मानूस जातो." याआधी दोनदा त्यानं स्फोट केले, दोन्ही वेळा सगळे चिडीचूप राहिले, फोर्नारीसुद्धा. दोन्ही वेळा आकडा बरोबर भरला.

आज मात्र शेवटचा दिवस होता. सकाळी ट्रक भरून सगळं सामान मुंबईला जायचं होतं. फोर्नारीला स्फोटांबरोबर बंदुकाही वाजायला हव्या होत्या, म्हणून झोपड्यांमागे फटाक्यांच्या माळा लावल्या होत्या. हनमंता सकाळीच कुरकुरला होता. मी ते फोर्नारीला "त्याला फटाके आवडले" असं सांगितलं होतं.

तर, मी तोंड उघडलं.

"त्याला एका बाराची शंका आहे," मी फोर्नारीला म्हणालो. "थोडं थांबू या म्हणतो."

"थोडं म्हणजे किती?"

मी सुळक्याकडे पाहिलं. सूर्य त्याच्या खांद्याला टेकायला आला होता. अर्धा तास म्हटलं की सिनेमाचा शेवट गेला. फोर्नारी ओरडणार, हनमंता हट्टाला पेटणार आणि मी मध्ये. माझी जीभ आपली आपण घसरली.

"दहा मिनिटं."

फोर्नारीनं घड्याळाकडे पाहिलं. ओठ चावले. मग मान हलवली. "ठीक आहे. दहा. त्याला सांग, दहा मिनिटं दिली."

मी हनमंताकडे वळलो. "साहेब थांबायला तयार आहेत," मी म्हणालो.

हनमंताचा चेहरा सैल झाला. "शाना मानूस हाय," तो म्हणाला. मग जरा घुटमळून पुढे बोलला, "फटाक्यानं घोळ केला, सायेब. सातवा न् आठवा जवळजवळ झालं. एखादं वेळेस जोडबार झाला आसंल, मंग बाराच. पन मला अकरा घावले. मला अकरा घावले म्हंजे अकराच धरायचे. आर्धा तास. घड्याळ बगून."

"हो, हो," मी म्हणालो.

त्यानं लाल निशाण माळाच्या कडेला खोल रोवलं, हलवून बघितलं, आणि पत्र्याचा डबा उचलला. "वढ्यावरनं पानी आनतो. टाइम झाला की मुक्या भोकात वतायचं आसतं. भिजलं की मेलं." ओढा मागच्या उतारावर होता, झाडीत, जाऊन यायला दहा-बारा मिनिटांचा. तो सावकाश उतरत गेला. घाई करायचं त्याला काही कारणच नव्हतं.

त्या दहा मिनिटांत मी काय केलं ते मला आजही लख्ख आठवतं. मी काहीही केलं नाही. भोंगा हातात धरून उभा राहिलो. जोडबार, जोडबार, असं मनात म्हणत राहिलो. बारावा बार सातव्याच्या पोटात उडून गेला आहे हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की तो आवाज मला आठवायलाही लागला. खरं तर मी मोजतच नव्हतो. बार उडत होते तेव्हा मी तोंडाला रुमाल लावून खोकत होतो.

बांधाआडून एक हाक आली. "लुकसबाब! थांबवलास कित्याक? दिस बुडाक इलो मरे!"

तो शाणू राऊळ. कुंभवळीत सगळ्यांत चांगला मरणारा. बाकीचे गावकरी मी भोंग्यातून "मरा!" म्हटलं की पोतं टाकल्यासारखे जागच्या जागी पडत. सहा आठवडे तालीमच झाली होती तशी. झोपेत म्हटलं असतं तरी पडले असते. शाणूला मात्र एवढ्यावर समाधान नसे. तो आधी छाती धरायचा, मग गरगर फिरायचा, आभाळाकडे हात करायचा, चार पावलं पुढे यायचा आणि मग कुठे आडवा व्हायचा. एकाच लढाईत तो टोपी बदलून तीनदा मेला होता. फोर्नारी त्याला 'मायेस्त्रो' म्हणायचा.

"थांबा जरा!" मी ओरडलो.

"आज शेवटचो दिस! आज असो मरतलंय, की तुमचो फर्नांडीस रडात!"

चाळीस माणसं हसली. 

"दहा," फोर्नारी म्हणाला.

मी ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. झाडी हलत नव्हती. "तो अजून आला नाही," मी म्हणालो.

"कशाला यायला हवा? दहा मिनिटं मागितली, दहा दिली. सावली बघ." सुळक्याची सावली जळक्या झोपडीच्या पायाशी आली होती. "तूच म्हणालास दहा."

मीच म्हणालो होतो. आता एकच वाक्य बोलायचं होतं. 'मी खोटं बोललो, तो अर्धा तास म्हणाला होता.' इटालियनमध्ये ते मराठीपेक्षाही सोपं आहे. रोमला असताना दर शनिवारी पापांची कबुली देताना मी गुडघे टेकून याहून अवघड वाक्यं बोलत असे. पण नऊ इटालियन माझ्याकडे बघत होते. सहा आठवडे मी त्यांचा लाडका तोस्कानो होतो, आणि हे वाक्य बोललो की सहा आठवड्यांतलं माझं एकही वाक्य खरं उरणार नव्हतं.

कॅमेऱ्यावरच्या माणसानं काचेतून बघत हात झटकला. त्याच्या मदतनिसानं पुढे जाऊन हनमंताचं निशाण उपटलं आणि गवतात आडवं टाकलं. चौकटीत लाल रंग येत होता.

"रेनातो," मी म्हणालो, "अजून थोडं..."

"किती थोडं? का?"

का, हे त्यानं विचारलं होतं. त्यानं मला दिलेली ती शेवटची संधी होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, "काही नाही. असंच."

कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. फोर्नारीनं हात वर केला. "आत्सिओने!" तो म्हणाला.

तो म्हणून काही होत नसे. गावकरी माझ्या आवाजावर धावत. त्याच्या आणि त्या चाळीस जणांच्या मध्ये मी आणि माझा भोंगा. फोर्नारीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

मी भोंगा तोंडाला लावला आणि म्हणालो, "धावा."

चाळीस माणसं बांधावरून उठली. लाकडी बंदुका उगारून, बोंब मारत, ती धुरातून यायला लागली. पुढे शाणू, दहा-बारा पावलं पुढे. तेवढ्यात उजवीकडे झाडीत खळखळाट झाला. डबा पडला होता. हनमंता वर आला होता. आधी त्यानं निशाण शोधलं. ते जागेवर नव्हतं. मग त्यानं माळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

त्या नजरेत राग नव्हता. हा काय प्रकार आहे, एवढंच होतं.

तो धावला. मला वाटलं मागे पळेल. तो माळात शिरला, दोन्ही हात हलवत, "मागं! मागं सरा!" असं ओरडत. चाळीस जणांच्या बोंबेत त्याचा आवाज कुठला ऐकू येतोय? उलट हा बुटका म्हातारा आपल्या अंगावर चालून येतोय बघून पुढच्या दोघा-तिघांना हसू फुटलं. त्यांना वाटलं, फर्नांडीसनं आज नवीन काहीतरी काढलं.

तेव्हा माझी जीभ सुटली. थांबा म्हटलं असतं तर थांबून चौकशी करत उभे राहिले असते. मागे फिरा म्हटलं असतं तर एकमेकांवर आदळले असते. मी भोंग्यात फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडलो, "मरा! सगळे मरा! मरा!"

एकोणचाळीस माणसं धाडकन जमिनीवर पडली.

शाणू छाती धरून उभा राहिला. मग गरगर फिरला.

"शाणू, आडवा हो!" मी ओरडलो. "आडवा हो रे!"

त्यानं दोन्ही हात आभाळाकडे केले. आज शेवटचा दिवस होता, कॅमेरा चालू होता, आणि त्याला वाटलं मी त्याला चेव आणतो आहे. तो चार पावलं पुढे आला. हनमंता तोपर्यंत त्याच्यापर्यंत पोचला होता. त्यानं डोकं खाली घालून त्याच्या पोटात धडक मारली, त्याला पाडलं आणि त्याच्यावर पडला.

बारावा बार तिथून सात-आठ पावलांवर उडाला.

मोठा नव्हता तो. आवाज आला, माती उडाली, पेट्रोलचा डबा फाटून त्याचे पत्रे शिट्टी वाजवत गेले. पडलेल्या माणसांवरून गेले. माझ्या आयुष्यात मी इतकी शांतता ऐकली नाही. मग एकोणचाळीस मेलेली माणसं हळूहळू डोकी वर करायला लागली, आणि शाणू राऊळ खरोखरीचा ओरडायला लागला. त्याच्या अंगावर रक्त होतं. ते त्याचं नव्हतं.

हनमंताला आम्ही रणगाड्यातून नेलं. दुसरी गाडी तयार नव्हती. जीपवरचे पत्रे लाथा घालून पाडले आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. फोर्नारी मागे बसला होता, हनमंताचं डोकं मांडीवर घेऊन. त्याचा सदरा लाल झाला होता. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलत होता. "त्यानं का नाही सांगितलं? त्याला माहीत होतं, तर त्यानं का नाही सांगितलं?" मी पुढे बसलो होतो. मी रस्त्याकडे बघत होतो.

हनमंता वाचला. उजवा डोळा गेला आणि त्या बाजूचा कान कायमचा बंद झाला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आत सोडलं. ट्रक सकाळीच मुंबईला गेला होता, बाकीचे आठ जण त्याच्याबरोबर. फोर्नारी एकटा मागे राहिला होता. तो कालच्याच सदऱ्यात होता.

हनमंता उताणा पडला होता. अर्ध्या चेहऱ्याला पट्ट्या. खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको बसली होती, तिनं आम्हाला बघून पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. फोर्नारी खाटेशी गुडघ्यावर बसला. त्यानं हनमंताचा हात धरला. हनमंतानं तो सोडवून घेतला.

"ह्याला म्हनावं," हनमंता माझ्याकडे बघून म्हणाला, "आर्धा तास थांबतो म्हनलास न् निशान उपटून मानसं घातलीस. शब्द दिऊन घातलीस. चाळीस लेकरंबाळंवाली मानसं. म्हनावं, वीस वरसं खानीत काडली, मुकादम बगितले, ठेकेदार बगितले, पन तुझ्यावानी वाईट मानूस बगितला न्हाई."

"काय म्हणतो?" फोर्नारीनं विचारलं. त्याचे डोळे भरले होते. माझ्या उत्तराची वाट न बघता तो पुढे बोलायला लागला. "त्याला विचार. मला फक्त एवढंच कळू दे. त्याला धोका माहीत होता, मग त्यानं दहाच मिनिटं का मागितली? अर्धा तास मागितला असता तर मी दिला असता. देवाशपथ, सिनेमा गेला खड्ड्यात, मी दिला असता."

त्यानं दिला असता का? मला ठाऊक नाही. सूर्य त्याला फार प्यारा होता. पण तो काय करेल हे ठरवायची पाळी मी त्याच्यावर येऊच दिली नाही.

दोघं माझ्याकडे बघत होते. एक दोन्ही डोळ्यांनी, दुसरा एका डोळ्यानं. आणि मला दिसलं, की हे आताही निभावता येईल. इकडे सांगायचं, 'साहेब रडताहेत, माफी मागताहेत.' तिकडे सांगायचं, 'त्याला ग्लानी आहे, त्याला काही आठवत नाही.' फोर्नारी उद्याच्या विमानानं जाईल. हनमंता बरा होऊन खाणीवर जाईल. ही दोन माणसं पुन्हा जन्मात भेटणार नाहीत आणि भेटली तरी माझ्यावाचून एकमेकांशी बोलू शकणार नाहीत. शब्दसुद्धा तयार होते. सहा आठवड्यांच्या सवयीनं ते जिभेवर येऊन बसलेच होते.

 मी खाटेचा लोखंडी गज धरला.

"तो म्हणतो," मी इटालियनमध्ये सुरुवात केली, "अर्धा तास थांबतो असा शब्द देऊन तू निशाण उपटलंस आणि चाळीस माणसं आत घातलीस. तो म्हणतो, तुझ्यासारखा वाईट माणूस त्यानं बघितला नाही."

फोर्नारी माझ्याकडे बघत राहिला. "अर्धा तास?" तो म्हणाला. "कुठला अर्धा तास?"

"त्यानं अर्धा तासच मागितला होता. दोनदा. घड्याळ बघून, असंही म्हणाला होता. मला म्हणाला होता. दहा मिनिटं मी सांगितली. फटाक्यांबद्दलही तो सकाळी तक्रारच करत होता. तेही मी तुला उलटं सांगितलं."

 तो गुडघ्यावर होता तसाच मागे सरकला आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती मी एक शब्द न गाळता हनमंताला सांगितली असती.

मग मी हनमंताकडे वळलो. तेच सगळं मराठीत सांगितलं. तुम्ही अर्धा तास म्हणालात, मी दहा मिनिटं सांगितली. साहेबांनी दहा मिनिटं दिली, मी तुम्हाला थांबतात म्हणून सांगितलं. धावा म्हणालो तेही मीच. त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो, तो कान गेला होता, म्हणून डावीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्याची बायको पदराआडून वळून माझ्याकडे बघायला लागली होती. तिनंही सगळं ऐकलं.

हनमंतानं नजर छताकडे वळवली. एका डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळत होतं. ते दुखण्यानं की आणखी कशानं, मी विचारलं नाही. मला वाटलं आता तो मला 'चालता हो' म्हणेल. मी त्याची तयारी केली होती.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. खाटेवरून हात खाली सोडला आणि फरशीवर बसलेल्या फोर्नारीच्या खांद्यावर ठेवला.

"मंग ह्यो वाईट न्हाई," तो म्हणाला. "तेवढं त्याला सांगा. नीट सांगा."

मी सांगितलं.